नटांवरच्या लाल रेघा

मित्रांनो, मी एक जुना होल्डर आहे. मासेमारीच्या होडीच्या काठावर गळाची काठी उभी ठेवण्यासाठी जी तिरकी नळी बसवलेली असते, तीच मी. काही लोक मला नळकांडे म्हणतात. म्हणोत बापडे! ज्यांनी मला धरून कधी तोल सावरला नाही, त्यांच्याकडून मी आणखी कसली अपेक्षा करणार?

माझे रूप अगदी साधे आहे. हातभर लांबीची स्टीलची नळी, तिच्या बुडाशी जाड पट्टी आणि पट्टीला चार भोके. नळीच्या आत तळाशी एक आडवी खीळ आहे. काठीच्या टोकाची खाच या खिळीवर बसली, की मासा कितीही खेचो, काठी जागच्या जागी फिरत नाही. खिळीखाली पाणी निथळून जायला एक छिद्र आहे. तोंडाला रबराची कड होती, ती आता झिजली आहे. माझी पट्टी एका कोपऱ्यात चांगलीच वाकलेली आहे. ती कशी वाकली, हेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. नळी कापली, पट्टी कापली आणि एका अबोल कारागिराने दोघांना वेल्डिंगने जोडले. पहिला जोड त्याला पसंत पडला नाही. त्यात टाचणीच्या डोक्याएवढे भोक राहिले होते. ते कोणाच्या बापाला दिसले नसते. पण कारागिराने तो सगळा जोड घासून काढला आणि पुन्हा नव्याने केला. मला तेव्हा त्याचा राग आला होता, कारण घासताना फार चटके बसतात. आज मी त्याला हात जोडले असते, पण मला हात नाहीत.

तिथून मी आणि माझा जुळा भाऊ एका दुकानात गेलो. बंदरावर जाणाऱ्या रस्त्यावरचे ते दुकान दोरखंड, गळ, रिळे, गमबूट यांनी खच्चून भरलेले होते. आम्हाला खालच्या फळीवर ठेवले होते. वरच्या फळीवर प्लास्टिकचे रंगीत होल्डर आणि चकचकीत मुलामा दिलेले होल्डर ऐटीत बसले होते. गिऱ्हाईक येई, वर बघे आणि घेऊन जाई. आमच्यावर धूळ बसे.

एके दिवशी दोन बायका दुकानात आल्या. एक पन्नाशीची, रुंद खांद्यांची, तांबूस चेहऱ्याची. दुसरी तरुण आणि इतकी बारीक, की दाराच्या फटीतूनही आत आली असती. मोठी होती आत्या. ती स्वतः होडी चालवायची. धाकटी तिची भाची. सगळे तिला सुतळी म्हणत, आणि ती त्या नावाला ओ देई.

आत्याने पिशवीतून एक तुटलेला प्लास्टिकचा होल्डर काढून दुकानदारासमोर ठेवला.

“हा तुमच्याच दुकानातला. याने माझ्या भावाचा गुडघा घेतला.”

दुकानदार गोरामोरा झाला. “अहो, पण हा काठी ठेवायला असतो. माणसाने धरायला नसतो.”

“हलत्या होडीत माणूस हाताला लागेल ते धरतो,” आत्या म्हणाली. “पडणारा माणूस आधी लेबल वाचत बसेल का?”

हकिगत अशी होती. सुतळीचे वडील, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ नाना, धक्क्यावरून होडीत उतरताना त्या होल्डरला धरून झुकले. होल्डर मुळापासून तुटला. नाना होडी आणि धक्का यांच्या मधल्या फटीत पडले आणि लाटेने होडी परत धक्क्याकडे ढकलली. जीव वाचला, पण उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. तरी होडीवर जायचे त्यांनी सोडले नव्हते. मासेमारी सोडली तर मी घरात बसून कुजेन, असे ते म्हणत.

त्या दिवशी आत्याने होल्डर निवडला तो प्रकार बघण्यासारखा होता. दुकानदाराने वरच्या फळीवरचा चकचकीत होल्डर पुढे केला. आत्याने खिशातून लोहचुंबक काढून त्याला लावले. ते टपकन चिकटले.

“आत लोखंड, वर पावडर,” आत्या म्हणाली. “दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघतील.”

मग तिची नजर खालच्या फळीवर गेली. तिने मला उचलले. चुंबक लावले, ते घसरून पडले; माझ्यासारख्या न गंजणाऱ्या स्टीलला ते चिकटत नाही. तोंडातून बोट आत घालून कुठे धार राहिली आहे का ते पाहिले. दुकानदाराच्या पिण्याच्या बाटलीतले पाणी माझ्यात ओतले आणि ते खालून निघते की साचते ते पाहिले. पाणी दुकानदाराच्या चपलेवर पडले. मग ती वेल्डिंगच्या जोडावरून नख फिरवत राहिली. किती तरी वेळ.

“हा जोड कोणीतरी दोनदा केलाय,” ती सुतळीला म्हणाली. “हे दोन घेऊ. आणि खालून लावायची पट्टी, चार आरपार बोल्ट, नट. स्क्रू नको. स्क्रू नुसता लाकडाला धरतो, बोल्ट अख्ख्या होडीला धरतो.”

मित्रांनो, मला काठीसाठी घेतले नव्हते. मला नानांसाठी घेतले होते. ही गोष्ट दुकानातून निघतानाच मला कळली आणि मी ताठ झालो. तसा मी होतोच.

आमच्या धक्क्यावर एक पद्धत होती. होल्डर, कडी, कठडा, काहीही नवीन बसवले, की ज्याने बसवले त्यानेच त्याला धरून पाण्यावर लोंबायचे. पाय वर उचलायचे आणि सगळे दहा मोजेपर्यंत तसेच राहायचे. पडला तर भिजला आणि काम पुन्हा करायचे. त्यामुळे तिथले एक मिस्त्री फार लोकप्रिय होते. ते अंगाने दांडगे होते. लोकांचा त्यांच्या हातापेक्षा त्यांच्या वजनावर जास्त भरवसा होता.

मिस्त्रींनी मला होडीच्या मागच्या टोकाला डाव्या काठावर बसवले आणि भावाला उजव्या. काठ लाकडाचा होता, त्यावर फायबर चढवलेले. चार बोल्ट काठातून आरपार खाली गेले. खाली एक बुटका, अंधारा कप्पा होता. त्यात जुनी जाळी आणि दोऱ्या कोंबलेल्या असत. त्या कप्प्यात पाठीवर झोपून, सरपटत आत गेले तरच नट दिसायचे. मिस्त्रींचे पोट तिथे शिरेना. म्हणून नट सुतळीने आवळले.

“लोंबा आता,” आत्या म्हणाली.

मिस्त्रींनी मला दोन्ही हातांनी पकडले आणि पाय उचलले. होडी एका बाजूला कलली. धक्क्यावरच्या लोकांनी मुद्दाम सावकाश दहा मोजले. कोणीतरी सातनंतर पुन्हा पाच म्हणाले. मिस्त्री लालेलाल झाले, पण मी केसभरही हललो नाही.

त्यानंतर सुतळीने एक गंमत केली. पर्समधून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि पुन्हा कप्प्यात शिरली. प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीवर एक सरळ रेघ ओढली. नट जरासा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसणार. अशा चार रेघा माझ्या आणि चार भावाच्या.

दर हंगामाच्या सुरुवातीला सुतळी त्या कप्प्यात शिरे. तोंडात टॉर्च, हातात पाना. आतून तिचा आवाज येई, “चारही सरळ!” आणि आत्या मगच होडीचा दोर सोडे. रेघ तुटलेली असली तर नट आवळून नवीन रेघ ओढली जाई. असे सहा हंगाम गेले.

ते माझे सुखाचे दिवस होते. मी काठ्या धरल्या. मोठमोठे मासे धरून ठेवले. काठी कमानीसारखी वाकायची, रीळ किंचाळायचे आणि मी आपला जागच्या जागी. दुसऱ्या होड्यांची माणसे येऊन मला निरखायची. “कोणता बघून घेतला?” असे आत्याला विचारायची. आत्या सांगायची, “वरचं बघू नका. खालचं बघा.” हे वाक्य मला फार आवडे. पुढे त्याच वाक्याने मला रात्रंदिवस छळले.

पण माझे खरे काम वेगळेच होते. नाना माझ्या शेजारी एका उलट्या पेटीवर बसत. त्यांना उठायचे झाले, की ते माझ्या नळीला हात घालत आणि ताठ पाय ओढत उभे राहत. दिवसातून वीस-तीस वेळा. त्यांचा तळहात खरखरीत होता. उभे राहिले, की ते माझ्यावर एक थाप मारत. “हा कुठे जातोय!” असे म्हणत. कौतुक कोणाला आवडत नाही?

सातव्या वर्षी सुतळीला दूरच्या गावी मोठ्या गोदीत नोकरी लागली. निघण्याच्या दिवशी ती होडीवर आली आणि पाना व नेलपॉलिशची बाटली नानांच्या हातात ठेवली.

“बाबा, वर्षातून एकदा. खाली शिरून बघायचं. वरून नाही.”

“अगं हो. मी काय लहान आहे का?”

“जमेल ना? नाहीतर मिस्त्रींना सांगू, कोणीतरी बारीक माणूस शोधतील.”

“माझ्या होडीत दुसऱ्याने शिरायची काही गरज नाही,” नाना म्हणाले. त्यांचा सूर जरा चढलाच. 

हंगाम सुरू व्हायच्या दिवशी आत्या डिझेल आणायला गेली. नानांनी कप्प्याचे दार उघडले, चांगला गुडघा टेकला आणि ताठ पाय मागे पसरून आत डोके घातले. एक वीतभर सरकले आणि अडकले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने ते कसेबसे मागे सरकले, वर हात करून मलाच धरले आणि उठले. त्यांचा शर्ट घामाने चिंब झाला होता. ते पेटीवर बसले आणि लांब पाण्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी नेलपॉलिशची बाटली उघडली आणि स्वतःच्या अंगठ्याला थोडासा लाल रंग लावला, जणू रेघा ओढतानाच तो लागला होता.

आत्या आली. “बघितलंस?”

“बघितलं. चोख आहे,” नाना म्हणाले आणि अंगठा दाखवला. त्या अंगठ्याचा फोटो काढून त्यांनी सुतळीलाही पाठवला.

मित्रांनो, मी तिथेच होतो. हातभर अंतरावर. मी सगळे पाहिले आणि मला एक शब्दही बोलता आला नाही. नाना खोटे बोलणाऱ्यांतले नव्हते. पण आपल्याला एक काम आता जमत नाही, हे सांगणे त्यांना कप्प्यात शिरण्यापेक्षा अवघड गेले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. आजही दोन्ही येतात.

त्या वर्षी काही झाले नाही. दुसऱ्या वर्षी नानांनी कप्प्याचे दारसुद्धा उघडले नाही. सरळ अंगठा रंगवला.

आणि त्याच वर्षी माझ्या पट्टीखाली पाणी झिरपायला लागले. आधी अगदी थेंब थेंब. आतले लाकूड ओले झाले, मग भुसभुशीत. इंजिनाचा हादरा दिवसभर बसतच असतो. लाकूड घट्ट होते तोवर नट हादरा सोसत होते. आता ते सैल झाले. लाल रेघा एकेक करून तुटल्या. खाली अंधारात तुटल्या, म्हणून कोणाला दिसल्या नाहीत.

एका दुपारी पहिला नट फिरत फिरत सुटला आणि खाली जाळ्यात पडला. आवाजसुद्धा झाला नाही. पंधरा दिवसांनी दुसरा पडला. माझ्या पट्टीच्या कडेने तपकिरी पाण्याचा एक बारीक ओघळ काठावर उतरू लागला. मला वाटले, आता तरी दिसेल! हा ओघळ म्हणजे माझी हाक होती. आत्याची नजर तिकडे जाणार, इतक्यात नानांनी काठाला नवा पांढरा रंग द्यायला घेतला. त्यांनी मोठ्या प्रेमाने माझ्याभोवती ब्रश फिरवला आणि माझी हाक झाकून टाकली. वर थाप मारली. “हा कुठे जातोय!”

मी दोन नटांवर उभा होतो आणि त्यांतला एक सैल होता. तरी नाना दिवसातून वीस-तीस वेळा माझ्यावर सगळा भार टाकत होते. त्यांचा हात माझ्याकडे येताना दिसला, की मी मनात म्हणायचो, या वेळी नाही ना? ते उभे राहत, मी जागेवर टिकून राहत असे आणि मग पुढच्या वेळची भीती सुरू होई. असा एक महिना मी काढला.

तो दिवस उजाडला तेव्हा आकाश स्वच्छ होते. वारा मात्र प्रवाहाच्या उलट होता, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या उठत होत्या. होडीत दोघेच होते. आत्या पुढे सुकाणूपाशी आणि नाना मागे माझ्याशेजारी पेटीवर. आमच्या डाव्या हाताला खडकांची रांग होती. मासे तिच्याच कडेने फिरतात म्हणून आत्या होडी तिथून नेत होती. वारा आम्हाला खडकांकडे ढकलत होता. पण इंजिन चालू आहे तोवर त्यात भिण्यासारखे काही नव्हते.

माझ्यातली काठी एकाएकी वाकली. रीळ किंचाळले.

“लागला!” नाना ओरडले. “ताई, मोठा आहे!”

मासा सुसाट होडीखाली शिरला. दोरी पंख्यात अडकू नये म्हणून आत्याने लगेच इंजिन बंद केले. तिचे बरोबरच होते. मासा होडीखालून पुढे खेचत होता आणि मी माझ्या पायांवर डुगडुगत होतो. सैल नट सुटला. तिसरा. तो मात्र लाकडावर पडून टणकन वाजला.

नानांनी डाव्या हातात मासा ओढायचा लांब आकडा घेतला, उजव्या हाताने मला पकडले आणि उठले. मासा दिसतो का ते बघायला ते काठाबाहेर झुकले. त्याच वेळी एक उभी लाट होडीखाली आली. होडी कलली. नानांचा चांगला पाय ओल्या फळीवरून सरकला, ताठ पाय वाकेना आणि त्यांचे अर्धे शरीर काठाबाहेर गेले. आकडा पाण्यात पडला. आता त्यांचा सगळा भार एका हातावर होता आणि तो हात माझ्यावर होता.

खाली पाणी खडकांवर आपटत होते. नानांच्या पायात गमबूट होते, अंगावर जाड कोट होता. ते पाण्यात पडले असते, तर होडी आणि खडक यांच्या मध्ये सापडले असते. पुन्हा तीच फट. या वेळी नुसता गुडघा गेला नसता.

आत्याने वळून पाहिले. तिच्यापुढे दोन कामे होती आणि हात दोनच होते. खडक जवळ येत होता, म्हणून इंजिन सुरू करून होडी वळवायला हवी होती. आणि भाऊ काठाबाहेर लोंबत होता. पण भावाने मला धरले होते. दोनदा जोडलेला मी. चार बोल्टांचा मी. तिने एक हात चावीकडे नेला.

“धरलंय ना घट्ट?” ती ओरडली.

“धरलंय! तू होडी वळव!”

मित्रांनो, मला त्या वेळी एकच गोष्ट करता येत होती, ती म्हणजे वाजणे. इंजिन बंद होते. लाट आली की मी उचललो जाई आणि पुन्हा काठावर आपटे. टक. टक. टक. मी जितके जोरात वाजता येईल तितके वाजलो.

आत्याचा हात चावीवर थांबला. तिने माझ्याकडे पाहिले. पट्टीखाली बोट जाईल एवढी फट पडली होती आणि नव्या पांढऱ्या रंगाला भेग गेली होती.

“नाना!” तिचा आवाज एकदम खाली आला. “खालचे नट तू बघितले होतेस ना?”

 एक लाट आली आणि गेली. मी टकटक वाजत होतो. ‘बघितले होते’ एवढेच म्हणायचे होते. दोन वर्षे ते तसेच म्हणत आले होते, जीभ त्याला सरावली होती. आणि ते तसे म्हणाले असते, तर तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला असता. तिने चावी फिरवली असती.

“नाही,” नाना म्हणाले. “ताई, नाही बघितले. दोन वर्षं नाही बघितले.”

आत्याने चावी सोडली.

सुकाणूपासून माझ्यापर्यंत तीन पावले होती. पहिल्या पावलाला लाकडातला एक बोल्ट भुशासकट वर आला. दुसऱ्या पावलाला आणखी दोन निघाले. आता एकटा चौथा राहिला. पट्टी त्याच्याभोवती वाकू लागली. माझ्या अंगातून कळ गेली. पण त्या अबोल कारागिराचा दुसऱ्यांदा केलेला जोड फाटला नाही. त्याच्याच जोरावर मी तिसऱ्या पावलापर्यंत थांबलो.

आत्याने नानांचा पट्टा पकडला, दुसरा हात काखेत घातला आणि स्वतःला मागे झोकून दिले. दोघेही होडीच्या तळाशी धाडकन पडले. त्याच क्षणी पट्टी पूर्ण वाकली आणि मी काठावर आडवा झालो. आत्या रांगतच उठली, सुरीने माझ्या काठीची दोरी कापली आणि चावीकडे धावली. त्या हंगामातला सगळ्यात मोठा मासा निघून गेला. तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. इंजिन सुरू झाले तेव्हा होडीची डावी बाजू खडकाला खरखर घासत होती. मग आम्ही मोकळ्या पाण्यात आलो.

आत्याने होडी धक्क्याच्या दिशेने वळवली. नाना पेटीवर न बसता खाली तळाशी बसले होते. तिथूनच ते बोलले.

“गुडघा वाकत नाही गं ताई. कप्प्यात शिरता येत नाही मला. तुला सांगायची लाज वाटली.”

आत्याने सुकाणूवरची नजर हलवली नाही. “आणि मी तुला पाण्यातून कशाने काढलं असतं? तुझ्या लाजेने?”

नानांनी मान खाली घातली. आत्याच्या गालांवरून पाणी ओघळत होते. लाटांचे नव्हते.

धक्क्याला लागल्यावर तिने नानांच्या हातात फोन दिला. “पोरीला तूच सांग.” नानांनी सांगितले, सगळे, अंगठ्यासकट.  मग सुतळी म्हणाली, “बाबा, तो फोटो मी कामाच्या ठिकाणी सगळ्यांना दाखवला होता.” आणि तिला रडू फुटले.

चार दिवसांनी ती आली. कप्प्यात शिरली आणि जाळ्यांतून माझे तीन नट शोधून काढले. भावाच्या चार रेघांपैकी एक तुटलेली निघाली. त्या दिवसापासून होडीवर नवा नियम झाला. जो नट बघेल तो आतून मोठ्याने सांगेल. ज्याला शिरता येत नाही, तो ‘मला शिरता येत नाही’ हेही तितक्याच मोठ्याने सांगेल. पहिल्यांदा ते नानांनी सांगितले, अख्ख्या धक्क्यासमोर. मिस्त्री म्हणाले, “अहो, मलाही येत नाही. मी तर पहिल्या दिवसापासून सांगतोय.” लोक हसले, नानाही हसले.

मिस्त्रींनी काठाचे कुजलेले लाकूड बदलले आणि तिथे नवा होल्डर बसवला. मला बाजूला टाकत ते म्हणाले, “याची पट्टी गेली. भंगारात द्या.”

“भंगारात नाही,” नाना म्हणाले आणि त्यांनी मला काखोटीला मारले.

आता मी त्यांच्या घराच्या दाराशी आहे. दारापुढे तीन पायऱ्या आहेत आणि शेजारी जाड फळ्यांची भिंत. नानांनी माझी पट्टी ठोकून जमेल तेवढी सरळ केली, स्वतः भोके पाडली, स्वतः बोल्ट घातले आणि आत नट आवळले. सुतळीने लाल रेघा ओढल्या. मग आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“ज्याने बसवलं त्याने लोंबायचं असतं.”

नानांनी मला दोन्ही हातांनी धरले. आधी चांगला पाय उचलला, मग ताठ पाय. त्यांचा सगळा भार पुन्हा माझ्यावर आला. आत्याने आणि सुतळीने दहा मोजले. या वेळी मला जराही भीती वाटली नाही.

मित्रांनो, वस्तू बोलत नाहीत. आम्ही ओघळतो, डुगडुगतो, वाजतो, एवढेच आम्हाला येते. म्हणून आमची काळजी घ्या. वरून थाप मारू नका, खाली वाकून बघा. आणि वाकता येत नसेल तर तसे सांगा. त्यात काही कमीपणा नाही. मला चार नटांनी फार वर्षे धरून ठेवले हे खरे, पण त्या दिवशी नानांना माझ्याइतकेच त्यांच्या एका ‘नाही’ने वाचवले.

भिंतीतून माझे नट घरात निघतात, ते बरोबर नानांच्या खुर्चीसमोर. वाकावे लागत नाही. सकाळी नाना चहा घेत असतात आणि आत्या स्वयंपाकघरातून विचारते, “बघितलंस का रे?” नाना कप खाली ठेवतात, खुर्ची पुढे ओढतात, चारही रेघांवरून एकेक करून बोट फिरवतात आणि मगच म्हणतात, “बघितलं.”